पागोळीखालची रेघ

पाऊस ओसरल्यावर एखाद्या कौलारू घराच्या अंगणात उतरून बघा. भिंतीपासून हात-दीड हातावर, वळचणीच्या बरोबर खाली, मातीत खळगे पडलेले असतात. प्रत्येक कौलाच्या टोकाखाली एक. पट्टी धरून टिंबं काढावीत तसे सगळे एका ओळीत. तेवढ्या पट्ट्यातली माती धुऊन निघालेली असते आणि बारीक खडे वर आलेले असतात. ही पागोळ्यांची रेघ. घरी पावसाचं पाणी साठवायचं मनात आलं, की माणूस आधी टाकीचे भाव विचारायला दुकानात जातो. त्याआधी टेप घेऊन ही रेघ मोजावी.

छप्पर किती पाणी देईल हे कौलांवरून कळत नाही, या रेघेवरून कळतं. उतरतं छप्पर उतारावरून मोजलं तर क्षेत्रफळ जास्त भरतं, पण त्या उताराने पावसाचं पाणी काही वाढत नाही. चारी बाजूंच्या पागोळ्यांच्या आत जेवढी जमीन झाकली गेली, तेवढ्याच जागेचा पाऊस आपल्या वाट्याला येतो. स्लॅबच्या घराला हा घोळ नाही. गच्चीची लांबी आणि रुंदी गुणली की झालं.

एक मिलिमीटर, एक लिटर

पुढचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होतं. त्यातलं सगळं हाती लागत नाही. तापलेली गच्ची थोडं पिते, थोडं उडून जातं, थोडं कडेवरून सांडतं. पत्र्यावरून जास्त मिळतं, जुन्या शेवाळलेल्या कौलांवरून कमी. स्लॅबसाठी शंभरातले ऐंशी धरले तर फसगत होत नाही.

आमच्याच घराचा हिशेब मांडतो. घर पुण्याच्या कडेला आहे आणि गच्ची ८० चौरस मीटरची, म्हणजे साधारण ८६० चौरस फूट. घरात माणसं चार. १ मिलिमीटर पाऊस झाला की या गच्चीवरून ६४ लिटर पाणी उतरतं. हवामान खातं २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच त्या दिवसाला ‘पावसाचा दिवस’ म्हणतं. तेवढ्यात आमच्याकडे १६० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या आठ बादल्या भरतात. छत्री उघडावी की नाही अशा संभ्रमात टाकणारा हा पाऊस, आणि त्यात आठ बादल्या.

वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ४४,८०० लिटर होतात. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. हीच गच्ची उचलून रत्नागिरीला नेली, तर तिथल्या ३,००० मिलिमीटरच्या हिशेबाने तिच्यावरून १ लाख ९२ हजार लिटर म्हणजे एकोणीस टँकर पाणी वाहून जाईल. आणि माणच्या दुष्काळी पट्ट्यात नेली, वर्षाला ४५० मिलिमीटरच पाऊस धरला, तरी जवळजवळ तीन टँकर हाती येतील.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते अनेकांना आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होतं. आता लातुरातलं १०० चौरस मीटरचं छप्पर घ्या. दुष्काळी वर्षात तिथे निम्माच, ३५० मिलिमीटर पाऊस झाला असं धरा. त्या छपरावरून २८ हजार लिटर पाणी उतरतं. म्हणजे ती अख्खी गाडी अठरा छपरांवर मावते. एवढ्याने शहराची तहान भागली असती असं मी म्हणत नाही. गाड्या पुढे शंभरावर फेऱ्या करत राहिल्या. पण शहरात छपरं अठराच नसतात.

डबा, कणगी आणि पेव

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: टाकी केवढी घ्यायची?

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण तो उलट्या बाजूने विचारलेला आहे. चार माणसांचं शहरी घर, माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने, दिवसाला ५४० लिटर पाणी वापरतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे. आठ महिन्यांचं सगळं पाणी घरात भरून ठेवायचं तर १ लाख ३० हजार लिटरची सोय लागेल. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि पाच मीटर खोल हौद खणला तरी तो अपुरा पडेल. शिवाय तेवढं पाणी पुण्यातल्या आमच्या गच्चीवर पडतच नाही. बरेच जण हा आकडा ऐकून इथेच नाद सोडतात.

पण धान्याच्या बाबतीत आपण असा विचार कधी केला नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यात आठवड्याचं पीठ असायचं. माजघरातल्या कणगीत वर्षाचे दाणे असायचे. आणि चांगल्या सालातलं उरलंसुरलं धान्य जमिनीतल्या पेवात जायचं. तिन्हींची कामं वेगळी, म्हणून मापंही वेगळी. पाण्याचंही तसंच करावं. आधी कुठलं पाणी कुठल्या कामाला, ते ठरवावं. टाकीचं माप त्यानंतर आपोआप ठरतं.

डबा म्हणजे पाइपाखालची छोटी टाकी. आमची १,००० लिटरची आहे. पावसाळ्यात संडासाला, फरशी पुसायला, कपड्यांच्या पहिल्या पाण्याला मिळून रोज २०० लिटर त्यातून जातात. ती भरायला १६ मिलिमीटर पाऊस पुरतो आणि एकदा भरली की पाच दिवस चालते. छोटी दिसते, पण चार महिन्यांत पंधरा-वीस वेळा भरते आणि रिकामी होते. म्हणजे हजाराच्या टाकीतून पंधरा-वीस हजार लिटर वापरून होतात. पावसाळ्यात सतत भरून रिकामी होणारी छोटी टाकी सप्टेंबरपर्यंत तुडुंब ठेवलेल्या मोठ्या टाकीपेक्षा जास्त पाणी वाचवते. भरलेल्या टाकीवर पडणारा पाऊस गटारातच जातो.

कणगी फक्त पिण्याची आणि स्वयंपाकाची. माणशी दिवसाला ५ लिटर धरले तर चौघांचे २० लिटर आणि आठ महिन्यांचे ४,८०० लिटर होतात. म्हणजे पाच हजाराची एक टाकी. ऑक्टोबरात तिचं झाकण लावलं, की पुढच्या मृगापर्यंत वरणभाताची आणि तहानेची काळजी नाही. गुजरातेत हे शहाणपण जुनं आहे. अहमदाबादच्या पोळांमधल्या जुन्या घरांत चौकाखाली टाकं असतं आणि छपराचं पाणी त्यात उतरवतात. पोरबंदरला गांधीजींचं वडिलोपार्जित घर बघायला गेलात तर तिथेही जमिनीखालचं टाकं दाखवतात. ही टाकी आंघोळीसाठी बांधलेली नव्हती.

या दोन्हींतून जे उरतं, ते पेवात, म्हणजे विहिरीत किंवा बोअरमध्ये. त्याकडे शेवटी येऊ.

अंधार आणि झाकण

कणगीतलं पाणी आठ महिने टिकतं का, असं सगळेच विचारतात. टिकतं. दोन अटी आहेत: उजेड नको आणि किडामुंगीला वाट नको.

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत फिरताना मूर्तींवरून नजर काढून जरा पायाशी बघा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि डोंगराच्या उतारावरचं पाणी तिथवर आणणाऱ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. लेणं दान करणारा पोढीही दान करत असे. भिक्खूंना पावसाळाभर एकाच जागी राहायचं असे आणि पुढे उन्हाळाही काढायचा असे. डोंगरावर नदी नव्हती, होतं ते माथ्यावर पडणारं पाणी.

किल्ल्यांवर याची पुढची पायरी दिसते. खडकाच्या पोटात आडवं शिरून, मध्ये खांब राखून कोरलेलं ते खांबटाकं. वरचा खडक तसाच छप्पर म्हणून ठेवलेला. आत ऊन जात नाही, म्हणून पाणी उडून जात नाही आणि शेवाळही धरत नाही. ट्रेकला जाणारी मुलं भर उन्हाळ्यात अशा टाक्यातलं पाणी बाटलीत भरतात, तेव्हा त्यांना ते फ्रिजमधल्यासारखं गार लागतं. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलंय. नसेल तर खडक फोडून टाकी करा असंही म्हटलंय. आणखी एक सावधगिरी त्यात आहे: गडावर झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नका. तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि लढाईत पाणी जास्त लागतं.

आपल्या गच्चीवरची प्लॅस्टिकची काळी टाकी म्हणजे त्याच खांबटाक्याची नात. तिचा काळा रंग पाण्याला अंधारात ठेवण्यासाठी आहे. पारदर्शक किंवा पातळ पांढऱ्या पिंपात पाणी भरून उन्हात ठेवलं, तर पंधरवड्यात आतून हिरवं होतं.

झाकणाचं कारण वेगळं आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. कड घासून काढावीच लागते. मोठ्या टाकीला हे शक्य नसतं, म्हणून तिच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी. ओव्हरफ्लोच्या पाइपालासुद्धा.

रोहिणीत झाडू, मृगात सोडून द्या

शेतकऱ्याचं नक्षत्रांचं वेळापत्रक गच्चीलाही लागू पडतं.

रोहिणी, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा लागला की गच्ची झाडायची. आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, दिवाळीतल्या फटाक्यांचे कागद, वाळवणाच्या वेळी उडालेली कुरडयांची चुरी असं सगळं निघतं. पाइपाच्या तोंडाची जाळी काढून धुवायची. टाकी आतून घासायची.

मृगाचं पहिलं पाणी सोडून द्यायचं. हवेतली धूळ आणि छपराची घाण त्यात उतरलेली असते. त्यानंतरही प्रत्येक पावसाचा पहिला १ मिलिमीटर टाकीत जाऊ द्यायचा नाही. आमच्या गच्चीला तो फार तर ८० लिटर होतो. त्यासाठी उतरत्या पाइपाला टी लावून एक फांदी खाली बंद पिंपात सोडतात. पहिलं पाणी पिंपात जातं. पिंप भरला की पाणी मागे चढतं आणि आपण होऊन टाकीकडे वळतं. यात ना नळ, ना मोटर. काही जण पिंपाऐवजी पाइपाचा लांब तुकडाच उभा करतात. पण ११० मिलिमीटरचा पाइप मीटरला आठ-नऊ लिटरच धरतो. ८० लिटरसाठी नऊ-दहा मीटर पाइप लागेल, त्यापेक्षा पिंप स्वस्त.

आर्द्रा लागली, छपरं धुऊन निघाली, की भरायला सुरुवात. आणि हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरअखेरचा पाऊस आला की कणगी तोंडोतोंड भरून झाकण लावायचं. तोवर गच्ची पावसाळाभर धुतली गेलेली असते, त्यामुळे ते वर्षातलं सगळ्यात स्वच्छ पाणी.

आमच्या तीन चुका

हे सगळं वाचून मी पहिल्या वर्षी केलं आणि तीन ठिकाणी आपटलो.

पहिली चूक त्या पिंपाची. पहिल्या पावसात तो छान भरला. पण प्लंबरने त्याला रिकामा व्हायला वाटच ठेवली नव्हती आणि माझ्याही लक्षात आलं नाही. पिंप जूनभर भरलेलाच राहिला, त्यामुळे पुढच्या प्रत्येक पावसाची घाण थेट टाकीत गेली. जुलैत झाकण उघडलं तर आत गढूळ पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. उपाय निघाला दोन-तीन मिलिमीटरच्या एका भोकाचा. तळाच्या टोपीला ते पाडलं, त्यावर जाळी बांधली. आता पाऊस थांबला की काही तासांत पिंप गळून रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार असतो.

दुसरी चूक ओव्हरफ्लोची. टाकीत पाणी आणणारा पाइप चार इंची आणि जादा पाणी बाहेर नेणारा अर्धा इंची. एका जोरदार सरीत टाकीचं झाकण वर उचललं गेलं आणि चारी बाजूंनी पाणी थेट घराच्या पायाशी. जेवढा पाइप आत येतो, किमान तेवढाच बाहेर जायला हवा. उतरत्या पाइपाचंही माप असतं. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी नेऊ शकतो. आमच्या ८० चौरस मीटरच्या गच्चीला दोन हवेत.

तिसरी चूक वजनाची, ती थोडक्यात टळली. पाच हजाराची टाकी मी जिन्यावरच्या स्लॅबवर ठेवणार होतो. भरल्यावर ती पाच टनांची होते. ती जमिनीवर, पक्क्या काँक्रीटच्या ओट्यावरच बसवावी. दगड-विटांच्या तुकड्यांवर टेकवू नये.

डाळ लवकर का शिजते

पहिल्या वर्षी घरात सगळ्यात आधी फरक कळला तो बायकोला. “बोअरच्या पाण्यात तीन शिट्ट्या लागतात आणि तरी डाळ दाताखाली येते. हे पाणी घातलं की दोनमध्ये लोणी!”

यात जादू नाही. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. ते डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून डाळ फुटत नाही. तेच साबणाशी जुळून त्याचा साका करतं, म्हणून फेस येत नाही. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतात. म्हणून डाळ मऊ, साबणाला भरपूर फेस आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर नाही. उलट त्याची चव काहींना सपक लागते.

ते किंचित आम्लही असतं, कारण पडता पडता हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्यामुळे नव्या सिमेंटच्या टाकीतून ते चुना उचलतं आणि पहिल्या भरणीचं पाणी तुरट लागतं. ती भरणी पिण्यात घेऊ नये. ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा जुन्या रंगाचे पापुद्रे सुटणारं छप्पर असेल तर ते पाणी फक्त सांडण्यालवंडण्याला वापरावं. आणि छप्पर कितीही स्वच्छ असलं तरी त्यावर पक्षी बसतातच, तेव्हा पिण्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच घ्यावं. पाणी ढगातून शुद्ध निघालं असेल, पण तुमच्या पेल्यात येताना ते गच्चीवरून आलंय.

पेवाचा मालक

राहिलं पेव. आमच्या हिशेबात वर्षाचे वीसेक हजार लिटर त्यात जातात.

त्याची रीत सोपी. ओव्हरफ्लोचं पाणी गाळणीच्या पिंपात सोडायचं. त्यात तळाला मोठे गोटे, वर खडी, त्यावर बारीक खडी, मग नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर जाड वाळू. तळातून निघालेला पाइप विहिरीत जातो. पाणी उंचावरून धबाधबा पडू द्यायचं नाही, पाइप खाली पाण्याजवळपर्यंत न्यायचा, नाहीतर काठ ढासळतात. बोअरला जास्त जपायचं. तिथे मातीची गाळणी नाही, सरळ खडकाच्या भेगा आहेत. गेलेली घाण परत काढता येत नाही. अंगणाचं, रस्त्याचं, गोठ्याचं पाणी तिथे चुकूनही नको.

मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना ही व्यवस्था २००२ पासून सक्तीची झाली. तामिळनाडूने २००३ मध्ये सगळ्याच इमारतींना ती लागू केली. आपल्याकडे कित्येक ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्रापुरता खड्डा खणला जातो आणि पुढच्या वर्षी त्यावर पार्किंगचे ब्लॉक बसतात. गाळणीची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवावी लागते. ज्या सोसायटीत ती कोण धुणार हे ठरलेलं नसतं, तिथे पेव गाळाने बुजतं.

धान्याच्या पेवात आणि या पेवात एक मोठा फरक आहे. दख्खनचा काळा खडक पाणी पोटात धरून ठेवत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, आणि भेगा कुठून कुठे जातात हे वरून दिसत नाही. आपण आपल्या बोअरमध्ये ओतलेलं पाणी आपल्याच बोअरला लागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक जुना आड आहे. त्याचे मालक काका रोज सकाळी दोरीला दगड बांधून पाणी मोजतात आणि परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. मागे एका पावसाळ्यात वाळू धुवायचा कंटाळा केला म्हणून मी गाळणीचा पाइप बंद ठेवला. जानेवारीत काका फाटकाशी आले. म्हणाले, “अहो, यंदा तुमचा तो पिंप बंद आहे का? आड अर्धा परस खाली गेलाय.”

त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता, तेव्हा खरं कारण कोणतं ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना पावसाचे आकडे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, वही मला परत दिली आणि विचारलं, “वाळू धुवायला कधी येऊ?”